‘अजून नक्की नाही’ म्हणणाऱ्या मुलांविषयी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या फेऱ्या सुरू झाल्या की आपल्या दैनिकात रोज कटऑफचे आकडे येतात, रिक्त जागांचे तक्ते येतात, आणि आतल्या पानावर योग्य करिअर कसे निवडावे यावर एखादा लेखही येतो. मी छत्तीस वर्षे पुण्यातील माध्यमिक शाळांमध्ये मराठी आणि कार्यानुभव हे विषय शिकवले. निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्या भागातील एका शाळेच्या प्रवेश मार्गदर्शन केंद्रावर पालकांचे अर्ज भरून द्यायला बसते. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाची ही पद्धत २०२५-२६ या वर्षापासून राज्यभर लागू झाली असली, तरी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पालकांना ती त्याआधीपासून ठाऊक आहे, आणि पसंतीक्रमाच्या रकान्यांत काय भरायचे याची उत्तरे बहुतेकांनी घरूनच आणलेली असतात. त्या टेबलामागून मला जे दिसते, त्याबद्दल हे पत्र आहे.

एका दुपारी दोन कुटुंबे लागोपाठ आली. पहिल्या मुलाला ८९ टक्के गुण होते. कोणती शाखा, असे विचारताच त्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘सायन्स, आणि पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग’ असे सांगितले. ‘कॉम्प्युटरच का रे?’ असे मी विचारले, तेव्हा त्याने आईकडे पाहिले आणि उत्तर आईने दिले : ‘बाई, त्याचे दोन्ही मामेभाऊ हिंजवडीला आहेत.’ त्यानंतर आलेल्या मुलीला ७१ टक्के होते. ती म्हणाली, ‘अजून नक्की नाही.’ तिची आई ओशाळली. ‘हिचं कशातच ठरत नाही हो बाई, जे दिसेल त्यात मन घालते,’ असे ती म्हणाली. कशाकशात मन घातले, म्हणून मी सहज विचारले, तर मुलीने दोन सुट्ट्यांत मावशीच्या शिवणकामाच्या युनिटचा हिशेब लिहिला होता, शेजारच्या दुकानात बसून बंद पडलेले मोबाइल उघडून पाहिले होते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात दिव्यांचे काम सांभाळले होते. यांतल्या प्रत्येक कामात आपल्याला काय आवडले आणि कशाचा कंटाळा आला, हे तिला नेमके सांगता येत होते. ते दोघे गेल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या सहकारी म्हणाल्या, ‘मुलगा किती क्लिअर होता, नाही? मुलीला मात्र समुपदेशनाची गरज आहे.’ नोकरीची पहिली वीस वर्षे मीही हेच म्हणाले असते, हे मान्य करायला हवे.

या दोघांत अधिक पुढे कोण आहे, या प्रश्नाचे मानसशास्त्राने दिलेले उत्तर आपल्या सवयीच्या उलट आहे, आणि ते काही नवे नाही. किशोरवय म्हणजे स्वतःची ओळख घडवण्याचा काळ, ही मांडणी एरिक एरिक्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केली आणि त्या ओळखीत काम-धंद्याचा वाटा मोठा असतो हेही सांगितले. जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली तिला अधिक नेमके रूप दिले. त्यांनी दोनच गोष्टी तपासल्या : या व्यक्तीने निरनिराळे पर्याय खरोखर चाचपून पाहिले आहेत का, आणि एखाद्या पर्यायाशी ती बांधील झाली आहे का? शोधही नाही आणि बांधिलकीही नाही, अशी काही मुले असतात, त्यांची ओळख विखुरलेली राहते. काही मुले शोध घेत असतात, पण अजून कुठे थांबलेली नसतात. शोध घेऊन, तावूनसुलाखून एका ठिकाणी थांबलेल्यांची ओळख कमावलेली असते. उरलेली मुले शोध न घेताच बांधील झालेली असतात, म्हणजे त्यांची ओळख त्यांच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी परस्पर ठरवून टाकलेली असते. घोटाळा होतो तो शेवटच्या दोन गटांत, कारण कमावलेली ओळख आणि परस्पर ठरलेली ओळख बाहेरून सारखीच दिसतात. दोघांचेही उत्तर ठाम असते, दोघेही फॉर्म पटकन भरतात. फरक कळतो तो ‘का रे?’ हा दुसरा प्रश्न विचारल्यावर, आणि आपण तो सहसा विचारतच नाही. माझ्या टेबलासमोरचा तो मुलगा पुढे उत्तम इंजिनिअर होईलही, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही, पण त्या दुपारी शोधाच्या वाटेवर पुढे होती ती मुलगी.

यालाच जोडून येणारी दुसरी संकल्पना म्हणजे करिअरच्या संदर्भातली अनुकूलनक्षमता. हा शब्द अवजड आहे हे मला कळते, पण नुसते ‘जुळवून घेणे’ म्हटले तर मराठीत त्याचा अर्थ निमूट सोसणे असा होतो, आणि तो इथे अगदीच चुकीचा ठरेल. कोणत्या वयात निवडीची कोणती तयारी व्हायला हवी, याचा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९५०च्या दशकात केला आणि त्या तयारीला ‘परिपक्वता’ म्हटले. त्यांच्या हिशेबात साधारण पंधरा ते चोवीस हे वय शोधाचे आहे, हे आपल्या दहावीच्या पालकांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. जन्मभर एकच नोकरी हा प्रकार ओसरू लागल्यावर, १९९७ साली मार्क सॅविकस यांनी ‘परिपक्वता’ या शब्दाऐवजी ‘अनुकूलनक्षमता’ हा शब्द धरावा असे सुचवले. तिचे चार धागे त्यांनी सांगितले. उद्याचा विचार आजच मनात असणे हा पहिला. त्या उद्यावर आपला काही ताबा आहे असे वाटणे हा दुसरा. वेगवेगळे पर्याय आणि वेगवेगळे ‘मी’ पडताळून पाहण्याचे कुतूहल हा तिसरा, आणि अडचण आली तर तिच्यातून वाट काढता येईल हा विश्वास चौथा. हे मोजण्यासाठी तेरा देशांतील संशोधकांनी मिळून चोवीस विधानांची एक मोजपट्टी तयार केली आणि ती २०१२ साली प्रसिद्ध झाली.

थोडक्यात, व्यावसायिक ओळख म्हणजे ‘मी कोणत्या कामाचा माणूस आहे’ या प्रश्नाचे उत्तर, आणि अनुकूलनक्षमता म्हणजे ते उत्तर शोधण्याची आणि दिवस पालटले तर ते पुन्हा नव्याने मांडण्याची तयारी. या दोहोंत आधी काय येते? रुमानियातील किशोरवयीन विद्यार्थ्यांकडे एकाच शैक्षणिक वर्षात तीन वेळा परत परत जाऊन केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. हे नाते दुतर्फा आहे, असे त्यात आढळले. तयारी वाढली की ओळख स्पष्ट होत जाते आणि ओळख स्पष्ट होऊ लागली की तयारीला बळ मिळते. मला यातली ‘एका वर्षात’ ही गोष्ट महत्त्वाची वाटते. या गोष्टी उपजत नसतात आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी एकदम उगवतही नाहीत, तर शाळेच्या साध्या एका वर्षातही त्या हलतात, वाढतात, कधी मागेही सरकतात.

आता हे सारे पाश्चात्त्य देशांतले आहे, आपल्याकडे मुलांचे निर्णय घर मिळून घेते, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला अर्धा मान्य आहे. सोळाव्या वर्षी मुलाने एकट्याने ठरवावे, ही अपेक्षा आपल्या घरांत कृत्रिम वाटते, आणि फी भरणाऱ्या बापाला त्या चर्चेत जागा नसावी असे मी म्हणणार नाही. पण घराने मिळून ठरवणे आणि घराने परस्पर ठरवणे यांत अंतर आहे. पहिल्यात मुलाचा ताबा वाटून घेतला जातो, दुसऱ्यात तो काढून घेतला जातो. पालकसभेत मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, की ज्या घरांत मुलाला सहलीचे पैसे स्वतः भरून पावती आणायलाही सांगितलेले नसते, त्याच घरांत दहावीनंतर एकाएकी ‘आता तूच ठरव, उद्या आम्हाला बोल लावू नकोस’ असे ऐकू येते. ताबा हा असा एका संध्याकाळी हातात देता येत नाही. भाजी आणणे, धाकट्याचा अभ्यास घेणे, बँकेत जाऊन स्लिप भरणे, आपण चुकलो तर ते आपणच निस्तरणे, अशा बारीकसारीक जबाबदाऱ्यांतूनच तो येतो.

यापेक्षाही मला छळणारी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ साली असे मांडले की मुले व्यवसाय निवडण्याच्या कितीतरी आधीपासून व्यवसाय वगळत असतात. साधारण सहा ते आठ या वयात ‘हे मुलांचे काम, हे मुलींचे काम’ अशी वजाबाकी होते, आणि नऊ ते तेरा या वयात ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ अशी दुसरी. आपली स्वतःची आवड काय, याचा विचार त्यानंतर, म्हणजे चौदाच्या आसपास सुरू होतो, आणि तोही उरलेल्या पर्यायांपुरताच. मी सातवीच्या वर्गात कार्यानुभवाच्या तासाला प्लग जोडायला शिकवत असे, तेव्हा मुली आपणहून मागच्या बाकावर सरकत, त्यांना कोणी सांगितलेले नसे. आणि शेवटच्या वर्षांत मुलगेही स्क्रू-ड्रायव्हर धरताना ‘बाई, हे तर इलेक्ट्रिशियनचं काम’ असे म्हणू लागले होते. त्यातले ‘तर’ माझ्या कानांत अजून आहे.

आपल्या राज्याने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली, तिच्याकडे या प्रकाशात पाहावे. हेतू चांगला होता, आणि कला, वाणिज्य, तांत्रिक, कृषी यांच्याबरोबर ललित कला आणि गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांची नावे मुलांच्या कानावर पडली, हेही चांगलेच झाले. परंतु पंधराव्या वर्षी विचारलेला ‘तुला काय आवडेल?’ हा प्रश्न दोन वजाबाक्या होऊन गेल्यानंतरचा असतो. ज्या मुलाने लेथ मशिन कधी जवळून पाहिलेले नाही, रोपवाटिकेत कधी हात मातीत घातलेले नाहीत, बाळंतपणाच्या वॉर्डातील परिचारिकेशी जो दोन वाक्ये बोललेला नाही, त्याला त्या कामांविषयी आवड-नावड असणार तरी कशी? चाचणी त्याच्या अनुभवाची गरिबी इमानदारीने नोंदवते आणि आपण तिला कल म्हणतो.

सरकारी चाचणीचे निदान पैसे तरी पडत नव्हते. आता शहरात जागोजागी बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू आणि भवितव्य सांगणारी दुकाने निघाली आहेत, आणि पेठांतले जाणते लोकही तिथे हजारो रुपये मोजून रंगीत फाइल घेऊन येतात. या ठशांच्या चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींकडे गेलो हे सांगायला आपल्याला संकोच वाटतो, इथे तो वाटत नाही, इतकाच फरक.

मग ही ओळख आणि ही तयारी घडते कशाने? माझ्या अनुभवाचे उत्तर असे की कामाच्या सहवासाने, आणि तो सहवास एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा घडावा लागतो. याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम उभा केला. त्यात मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज, शेती आणि पशुपालन, अन्न आणि आरोग्य, असे सगळे सगळ्यांना, मुलगे-मुली हा भेद न करता. काम खऱ्या गरजेचे असते, म्हणजे गावात कोणाला तरी फाटक हवे असते म्हणून फाटक करायचे. स्वित्झर्लंडमध्ये, जिथे सुमारे दोन तृतीयांश मुले सक्तीच्या शिक्षणानंतर व्यवसायशिक्षणाकडे वळतात, तिथेही आठवी-नववीच्या वयात मुले वेगवेगळ्या कामाच्या ठिकाणी काही दिवस राहून चव घेतात आणि मग ठरवतात. तिकडची मुले फार लवकर एका रुळावर पडतात अशी टीका होते, ती मला रास्त वाटते. त्यांची वाटणी आपण उचलू नये, चव घेण्याची रीत मात्र उचलावी.

यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली काढावेत असे म्हटले आहे. त्याच धोरणात २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्टही होते. या दप्तरमुक्त दिवसांच्या मार्गदर्शक सूचना २०२४ च्या जुलैत प्रसिद्ध झाल्या. मी ज्या दोन-तीन शाळांत डोकावले, तिथे या दिवसांचे झाले होते ते रांगोळी स्पर्धा, प्राणिसंग्रहालयाची सहल आणि सभागृहातले एक व्याख्यान. मुले मजेत होती, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पुण्यासारख्या शहरात ही गोष्ट चटका लावणारी आहे. कसबा पेठेत तांबट आळी आहे, पहाटेची मंडई आहे, भोसरीच्या गाळ्यांत लहानमोठी वर्कशॉप्स आहेत, औंधला शासकीय आयटीआय आहे, छापखाने, बेकऱ्या, पॅथॉलॉजी लॅब आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ आहेत. इतके वेगवेगळे काम एका शहरात पीएमपीच्या तिकिटात पाहायला मिळत असताना मुले ते पाहत नाहीत, आणि त्यांचे जग सायन्स, कॉमर्स, आर्ट्स या तीन शब्दांत मावते.

इथे महानगरपालिकेच्या शाळांतील मुलांचा उल्लेख केला नाही तर पत्र अपुरे राहील. या मुलांना कामाचा सहवास कमी नसतो, काहींना तर तो वयाच्या मानाने जास्तच असतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो शाळेआधी वडिलांच्या हातगाडीवर असे. उरलेली मेथी संध्याकाळी किती भावाने काढायची, कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचे, पाऊस आला तर माल कुठे हलवायचा, हे निर्णय तो नवव्या इयत्तेत घेत होता. उद्याचा विचार, ताबा, अडचणीतून वाट काढण्याचा विश्वास, हे सारे त्याच्याजवळ होते. शाळेत मात्र तो हे लपवत असे, आणि आम्हीही ‘घरच्या कामामुळे अभ्यासाकडे दुर्लक्ष’ एवढीच त्याच्या प्रगतिपुस्तकात नोंद करत होतो. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे. त्याला हवी होती ती कुतूहलाची बाजू, म्हणजे हेच कौशल्य घाऊक व्यापारात, शीतगृहात, हॉटेल व्यवस्थापनात, हिशेबतपासणीत कुठे कुठे चालते, हे दाखवणारे कोणीतरी. फाइल घेऊन येणाऱ्या घरांतील मुलांना पर्याय माहीत असतात पण काम माहीत नसते, आणि या मुलाला काम माहीत होते पण पर्याय माहीत नव्हते. एकाच दप्तरमुक्त दिवसात दोघांची सोय लागणार नाही, हे योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शोध टाळला म्हणून तो टळत नाही, पुढे ढकलला जातो, हेही पुण्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सदाशिव पेठेपासून नव्या पेठेपर्यंतच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी येऊन राहिलेल्या मुलामुलींपैकी अनेकांशी माझे बोलणे होते, कारण आमच्याच वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांतले काही भाड्याने राहतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु ‘अधिकारी’ या शब्दापलीकडे, दिवसभर त्या खुर्चीत बसून नेमके काय करायचे असते, हे पाहिलेले फार थोडे भेटतात. चार-पाच प्रयत्नांनंतर, पंचविशी-सत्ताविशीत, ‘आता दुसरे काय करता येईल?’ हा प्रश्न ते पहिल्यांदाच स्वतःला विचारतात, आणि तो प्रश्न त्यांना अपयशासारखा वाटतो. नववीत विचारला असता तर तो नुसता प्रश्न राहिला असता. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत इंजिनावर हात बसलेली माणसे आज विजेवर चालणाऱ्या वाहनांचे काम शिकत आहेत. ज्याची ओळख ‘मी अमुक कंपनीत’ एवढीच असते त्याला हे जड जाते, आणि ज्याची ओळख ‘यंत्र का अडले हे मला शोधता येते’ अशी असते तो त्या मानाने लवकर सावरतो.

म्हणून माझ्या विनंत्या अगदी बेताच्या आहेत. दप्तरमुक्त दिवस दहा ठिकाणच्या दहा सहलींत उडवण्याऐवजी प्रत्येक मुलाला वर्षात दोनच कामाची ठिकाणे द्यावीत आणि तिथे पाच-पाच दिवस जाऊ द्यावे, कारण पहिल्या दिवशी मूल फक्त यंत्र पाहते, माणूस दिसायला तिसरा दिवस उजाडतो. त्यांतले एक ठिकाण असे असावे, जे मुलाने किंवा मुलीने स्वतः कधीच निवडले नसते. परत आल्यावर निबंध लिहून घेऊ नये, वर्गशिक्षकांनी दहा मिनिटे समोर बसवून बोलावे आणि त्याचे दोन ओळींचे टिपण पुढच्या वर्षीच्या शिक्षकांकडे जावे. मूल सहावीत काय म्हणाले आणि नववीत काय म्हणते, हे शेजारी ठेवून पाहिल्यावर जे कळते ते कोणत्याही चाचणीत कळत नाही. नववी-दहावीला हे दिवस नाहीत, तिथे निदान महिन्यातला एक शनिवार यासाठी राखावा. आणि अकरावीत शाखा बदलण्याची वाट दिवाळीपर्यंत सर्वांना सारखी आणि सोपी उघडी असावी. आज शाखा बदलू पाहणाऱ्या मुलाला कार्यालयात ‘आधी विचार केला नव्हता का?’ असे विचारले जाते. तो विचार करू लागला आहे म्हणूनच तर तिथे उभा आहे.

पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते की पाहुण्यांसमोर ‘पुढे काय करणार?’ असे मुलाला विचारणे सोडून द्यावे. त्याऐवजी ‘या महिन्यात कोणते काम जवळून पाहिलेस?’ असे कधीतरी एकट्याने विचारावे. आणि उत्तर ‘अजून नक्की नाही’ असे आले तर ओशाळू नये, काय काय पाहून झाले ते विचारावे. काहीच पाहिलेले नसेल तर मात्र काळजी करावी, कारण काही न पाहता ‘नक्की नाही’ म्हणणारे मूल आणि चार गोष्टी चाचपून ‘नक्की नाही’ म्हणणारे मूल एक नव्हे.

शहरातील कोणकोणत्या शाळांनी गेल्या वर्षी दप्तरमुक्त दिवस कुठे आणि कोणाच्या हाताखाली काढले, याची यादी शिक्षण विभागाने प्रसिद्ध करावी, आणि आपल्या दैनिकाने ती मागून घ्यावी, अशी विनंती आहे. कटऑफच्या तक्त्याएवढीच जागा तिला पुरेल. एखाद्या शाळेला मुलांबरोबर शनिवारी वर्कशॉपमध्ये किंवा मंडईत जायला निवृत्त माणसे हवी असतील, तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील आम्ही सात जण तयार आहोत. त्यांतले दोघे टर्नर होते आणि एक बाई चाळीस वर्षे परिचारिका होत्या.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे ३०